ईडनवरचा रुसवा

ईडनवरचा रुसवा : सुनील गावसकर आणि कलकत्त्याचे प्रेक्षक यांच्यातील बेबनाव. फेब्रुवारी १९८७मध्ये ईडन गार्डन्सवर पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत गावसकर खेळले नाहीत आणि त्यांची सलग १०६ कसोटींची मालिका तुटली. त्याचे खापर प्रांतद्वेषावर फोडले जाते. ते पटत नाही. १९७८-७९मध्ये याच मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध १०७ आणि नाबाद १८२ धावा काढणारे गावसकरही मुंबईचेच होते. बिनसले ते खेळावरून. डिसेंबर १९८३मध्ये इथेच वेस्ट इंडीजच्या मार्शलने त्यांना सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बाद केले, भारत डावाने हरला. पुढच्या मोसमात इथल्याच कसोटीत इंग्लंडविरुद्ध कपिल देव संघाबाहेर होते, आणि कर्णधार गावसकरांनी संथ डाव थेट चौथ्या दिवशी जेवणानंतर घोषित केला. मैदानात फेकलेली फळे उचलण्यासाठी खेळ थांबवावा लागला. कपिलना गावसकरांनी नव्हे, निवड समितीने वगळले होते, हा आक्षेप रास्त आहे. पण डाव कधी सोडायचा हे कर्णधाराच्याच हाती होते. प्रेक्षकांचा राग म्हणूनच समजण्यासारखा होता, फळफेक मात्र मुळीच नाही. मार्च १९८७मध्ये बंगळूरला गावसकर अखेरची कसोटी खेळले. ईडनवर कसोटीसाठी ते पुन्हा उतरले नाहीत.