मॅनिफोल्ड स्पेसर

इंजिनाचे हेड आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसवायची, पोर्टच्या मापाची भोके पाडलेली जाड पट्टी. ती बहुधा फेनॉलिकची, म्हणजे बॅकेलाइटच्या जातीच्या पदार्थाची असते. कार्बोरेटरच्या काळात इंजिनाच्या धगीने पेट्रोल उकळू नये म्हणून कार्बोरेटरखाली असाच तुकडा घालत. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असल्याने ती अडचण बहुतांशी उरली नाही; स्पेसरचे काम राहिले ते मॅनिफोल्ड, पर्यायाने आतली हवा, कमी तापू देण्याचे.

हवा ३ अंशांनी थंड झाली की तिची घनता साधारण १ टक्क्याने वाढते. ॲल्युमिनियम फेनॉलिकच्या कित्येकशे पट उष्णता वाहून नेते, त्यामुळे मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल तर फरक पडतो. तो प्लॅस्टिकचा असेल तर फारसे काही हाती लागत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर हवा मॅनिफोल्डमधून क्षणार्धात निघून जाते आणि तापायला तिला वेळच मिळत नाही. म्हणून खरा उपयोग पुण्याजवळच्या हिंजवडीतल्यासारख्या वाहनकोंडीत रखडून तापलेल्या गाडीला. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने टर्बो नसलेले इंजिन मुंबईच्या मानाने सहा टक्क्यांच्या आसपास हवा आधीच गमावते. स्पेसर ही तूट भरून काढेल अशी आशा धरू नये.

पुणे जिल्ह्यात तयार झालेल्या दोन गाड्या इथे उद्बोधक आहेत. चाकणच्या पोलो जीटी टीएसआयच्या १.२ लिटर इंजिनात इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच आहे आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. अशा ठिकाणी स्पेसरला वाव थोडा. रांजणगावची अबार्थ पुंटो (२०१५) १.४ लिटर टर्बोची, १४५ अश्वशक्तीची. टर्बोचा दाब जोडातून हवा बाहेर ढकलतो, त्यामुळे तिथे पॅकिंग निर्दोष हवे.

स्पेसर बसवताना दोन्ही बाजूंना नवे पॅकिंग, स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट आणि बॉनेटखाली जागा लागते. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळायचे. जोड किंचितही सुटला तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, आयडलिंग वरखाली होते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. गळती शोधायला आयडलिंगवर थंड इंजिनाच्या जोडाभोवती कार्बोरेटर क्लीनर जपून फवारावा. आरपीएम बदलला तर गळती तिथेच आहे.

बसवण्याआधी हेही ध्यानात असावे: नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे.