कडेवरचे लेकरू आणि अंगणातली शाळा



गेल्या श्रावणात आपल्या मंडळाची बैठक होती, ती आपणा सर्वांच्या लक्षात असेलच. वर्षाचा हिशेब वाचून दाखवावयाचा होता. चिटणीसबाईंनी चष्मा लावला, वही उघडली आणि पहिल्याच पानावर त्या थबकल्या. जमेच्या बाजूला कोणी तरी निळ्या खडूने भला मोठा हत्ती काढून ठेवला होता. सोंड थेट खर्चाच्या बाजूला गेलेली. चौकशी सुरू होते न होते तोच आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला. जाऊन पाहतो तो लाडवांचा डबा उपडा पडलेला, आणि दोन चिरंजीव त्यावर तबला वाजवीत बसलेले. एका कन्यारत्नाने सर्वांच्या चपलांची आगगाडी केली होती आणि ती "परभणी, पूर्णा, नांदेड!" म्हणून पुकारा करीत होती. त्या गाडीच्या डब्यांची अशी काही सरमिसळ झाली, की मी घरी गेले ती एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात शेजारणीची चप्पल घालून.

आपण खूप हसलो. पण पुढच्या बैठकीत ठराव आला, की यापुढे मंडळात लहान मुले आणू नयेत. ऐकावयास ठीक वाटले, म्हणून मीही हात वर केला. त्यानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नव्याने येऊ लागलेल्या तीन तरुण सुना त्या दिवसापासून मंडळात दिसल्या नाहीत. वाटेत एकीला विचारले, तर ती म्हणाली, "मावशी, याला ठेवू कुणापाशी?"

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा तिचा तो प्रश्नच माझ्या मनात होता. मी शिकलेली सातवीपर्यंत. पण अंगणवाडीच्या ताईंकडून दोन पुस्तके आणली, लेकीकडून काही माहिती काढवून घेतली, आणि कळले की हा प्रश्न आपल्या गल्लीतला नाही. तो फार जुना आहे, आणि मोठमोठ्या माणसांनी त्यात आपला जन्म घातला आहे.

पूर्वी एकत्र कुटुंबे होती, तेव्हा मुले आपोआप वाढत असे आपण म्हणतो. आपोआप फक्त तण वाढते. मुलांना कोणी तरी वाढवीत होते. घरात आजी असे, एखादी विधवा आत्या असे, आणि बहुतेक ठिकाणी असे ती घरातली थोरली मुलगी. आठ वर्षांची पोर, परकर वर खोचलेला, कडेवर तान्हे भावंड, त्याच्या वजनाने कंबर एका बाजूला झुकलेली. ती तशीच सागरगोटे खेळे, तशीच पाणी आणी. माय शेतात खुरपायला गेली, की बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाई आणि झोका देणे हे थोरलीचे काम असे. मुंग्या बाळाला चावू नयेत हे पाहणेही तिचेच काम.

जिथे थोरलीही नसे, तिथे काय करीत? हे लिहिताना अंगावर काटा येतो. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला 'बाळागोळी' देत. ती अफूची गोळी. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राही. मजुरांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी व्हिटले साहेबांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सरकारी आयोगाने १९३१ साली अहवाल दिला, त्यात या चालीची नोंद आहे. त्या आया काही निर्दय नव्हत्या. लेकरू गप्प राहिले तरच भाकरी मिळणार, एवढेच त्यांना ठाऊक होते.

आता थोडे दूर जाऊ, इटली देशात. रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मोठमोठ्या चाळी होत्या. आईबाप मजुरीला गेले, की मागे राहिलेली मुले जिन्यांवर धुडगूस घालीत, नव्या रंगवलेल्या भिंतींवर रेघोट्या ओढीत. मालक लोक हैराण झाले. दरवर्षी रंगरंगोटी करण्यापेक्षा ही पोरे एका खोलीत कोंडून त्यांवर एक बाई नेमलेली स्वस्त पडेल, असा त्यांनी हिशेब केला. ती देखरेख डॉक्टर मारिया माँटेसरी या बाईंकडे आली, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी 'बालकांचे घर' उघडले. ज्या माँटेसरी पद्धतीसाठी शहरातले लोक आज मुलांची भरमसाट फी भरतात, तिचा जन्म असा भिंतीवरच्या रेघोट्यांतून झालेला आहे. आपल्या वहीतल्या हत्तीला नावे ठेवताना हे ध्यानात असावे!

त्या बाईंची एक गोष्ट मला फार आवडली. एकदा त्यांनी मुलांना धडा दिला, तो रुमालाने नाक कसे शिंकरावे याचा. आवाज न करता, कुणाच्या नजरेत न भरता, नाक कसे पुसावे ते हळूहळू करून दाखविले. वाटले होते की मुले हसतील. पण मुलांनी टाळ्या वाजविल्या! शेंबड्या नाकावरून त्या पोरांना उभ्या जन्मात सर्वांनी रागावले होते. नाक कसे पुसावे हे मात्र कुणी कधी शिकविलेच नव्हते. मी हे वाचले आणि गप्प बसले. "ए शेंबड्या, नाक पूस" असे मी माझ्या दोन्ही लेकरांना हजार वेळा म्हटले असेल. करून एकदाही दाखविले नाही.

ही विद्या आपल्याकडे आली ती गुजरातेतल्या भावनगरला. गिजुभाई बधेका हे तिथले गृहस्थ. धंदा वकिलीचा. घरात मुलगा जन्माला आला, त्याला कसे वाढवावे या विचारात त्यांनी माँटेसरीबाईंची पुस्तके वाचली, आणि अखेर वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले. मुलांत ते इतके रमले, की लोक त्यांना 'मूछाळी माँ' म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले. ताराबाई मोडक या मुंबईत जन्मलेल्या, शिकलेल्या बाई १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

परंतु शहरातल्या बालमंदिरात येत ती खात्यापित्या घरची मुले. सामान महाग, शिक्षिका शिकलेल्या. खेड्यातल्या लेकराचे काय? या प्रश्नापायी वयाची पन्नाशी उलटल्यावर ताराबाई १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुतांईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. ज्या समाजाने त्यांना कोपऱ्यात बसविले असते, त्याच समाजाची लेकरे पुढे त्यांनी उभा जन्म मांडीवर घेतली.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती गरिबांची, दलित वस्तीतली मुलेच येईनात. ती कशी येणार? अंगावर धड कपडा नाही, आई कामावर, कडेवर भावंड. दुसऱ्या कुणी म्हटले असते, की या लोकांना शिक्षणाची गोडी नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे जाईल, असे त्यांनी ठरविले. बाया वस्तीत जाऊन अंगणात बसू लागल्या. नखे काढणे, अंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी. महागड्या सामानाऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. हा शब्द आपण रोज उच्चारतो, पण तो असा जन्मला हे मला या वयात कळले.

त्या सुमारास आपल्याकडे काय चालले होते? आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांतले शिक्षण उर्दूतून चाले, आणि मुलींचे शिक्षण म्हणजे फार दूरची गोष्ट. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बाकीच्या मराठी मुलुखाशी जोडले गेलो.

त्यानंतर वर्षभरात, म्हणजे १९५७ साली, ताराबाई आणि अनुताई कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलांत गेल्या. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरविली, ती कुरणशाळा. आणि तान्ह्या भावंडापायी मुली शाळेत येत नाहीत हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. मुलीने कडेवरचे लेकरू पाळणाघरात द्यावे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावे.

हे वाचले तेव्हा मात्र माझे डोळे भरून आले. कारण ती कडेवर लेकरू घेतलेली मुलगी मीच होते.

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले खेडे. माय रोजाने जाई. मी सहावीत असताना भाऊ झाला, आणि चार महिन्यांचा असतानाच तो माझ्यासोबत शाळेत येऊ लागला. मी दारापाशी बसे, म्हणजे रडला की बाहेर नेता येई. रांगू लागल्यावर त्याने खडू खाल्ला. एकदा भर वर्गात हजेरीपटावर धार धरली. सारा वर्ग खिदळला. गुरुजी म्हणाले, "पोरी, उद्यापासून याला घरी ठेवून ये." त्यांचेही चुकले नाही, चाळीस मुलांना शिकवायचे होते. जेमतेम सातवी झाली. आठवीची शाळा पुढच्या गावी, तीन कोसांवर. तिथवर त्याला कडेवर नेणे शक्य नव्हते, आणि घरी ठेवायचे कुणापाशी? तोच भाऊ आज शिकून नोकरीला लागला आहे. दर भाऊबीजेला ओवाळताना मी त्याला म्हणते, "माझी आठवी तुझ्याकडे उधार आहे." तो हसतो. पण अलीकडे हसता हसता मान खाली घालतो.

मूल सांभाळणे हे काम आहे, ही गोष्ट जगाला फार उशिरा उमगली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बाया असतील तिथे पाळणाघर ठेवणे सक्तीचे केले. १९७६ साली तो आकडा तीसवर आणला. पण शेतातल्या बाईला कुठला कारखाना? १९७२ च्या दुष्काळात आमच्या आत्याबाई खडी फोडायला जात. मिलो ज्वारीची भाकरी, मुलांना सुकडी, आणि बाभळीला बांधलेल्या ओळीने दहा-बारा झोळ्या. एक म्हातारी काठी टेकीत झोळी-झोळीला झोका देत फिरे. आत्याबाई म्हणत, "खडी फोडणारीला पैसे, अन् बारा लेकरं राखणारीला नुसता चहा." पुढे २००५ साली रोजगार हमीचा कायदा देशभर झाला. त्यात असे होते की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर एका बाईला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी. आत्याबाई हे ऐकायला हव्या होत्या.

अंगणवाडी सरकारी झाली ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी. देशभरात प्रथम ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिने बोर्डीचा तो साधा शब्दच उचलला. ताराबाई १९७३ मध्ये वारल्या होत्या, त्यांना हे पाहता आले नाही. अनुताईंनी पाहिले. त्या १९९२ मध्ये गेल्या. आज गल्लोगल्ली अंगणवाडी आहे. ताणकाट्याला टांगल्यावर आभाळ फाटेल असे रडणारी, आणि खाऊ दिसताच क्षणात गप्प होणारी आपली लेकरे तिथलीच. त्या सेविका-मदतनीस ताईंना पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यांनाही ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला. पूर्वीच्या त्या नुसत्या चहापासून इथवर यायला पन्नास वर्षे लागली.

आता आपल्या ठरावाकडे येते. अंगणवाडी सकाळची, आपली बैठक दुपारची. त्या वेळी या सुनांनी काय करावे? ज्यांना मुले नाहीत किंवा ज्यांची मोठी झाली, त्यांचेच मंडळ करावे, हे मला पटत नाही. माझी सूचना अशी, की तो ठराव मागे घ्यावा. दर बैठकीला दोघींनी पाळीने बाहेर अंगणात सतरंजी टाकून बसावे. खडू द्यावेत, जुन्या वह्या द्याव्यात, आणि चपला मोजून द्याव्यात. पहिली पाळी माझी.

चिटणीसबाईंनी हिशेबाची वही तेवढी उंचावर ठेवावी. हत्तीचे पान मात्र फाडू नये. पुढच्या पिढीला आपल्या मंडळाचा इतिहास लिहिताना उपयोगी पडेल.

— एक सभासद