पाणकावळा पंख पसरून का बसतो?

इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला बहुतेक पर्यटक रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जातात. पण उजनीच्या फुगवट्यावर, पाण्यातल्या वठलेल्या झाडांवर काळे पक्षी पंख पसरून बसलेले दिसतात, ते पाणकावळे. नावात कावळा असला तरी कावळ्याशी त्यांचं नातं नाही.

ओळख
भारतात पाणकावळ्याच्या तीन जाती आढळतात : छोटा, भारतीय आणि मोठा. छोटा साधारण ५० सेंटीमीटर लांब असतो, तर मोठा ८० ते १०० सेंटीमीटरपर्यंत भरतो.

शिकार कशी करतो?
पाणकावळा पोहता पोहता बुडी मारतो आणि पाण्याखाली माशाचा पाठलाग करतो. त्याचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात आणि चारही बोटं पडद्याने जोडलेली असतात. त्यामुळे पायांचं वल्हं होतं. चोचीचं टोक आकड्यासारखं वाकडं असल्याने निसरडा मासाही सुटत नाही. पकडलेला मासा तो डोक्याकडून गिळतो, म्हणजे काटे घशात अडकत नाहीत.

मग पंख का वाळवतो?
बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं. पाणकावळ्याच्या पिसांचा बाहेरचा भाग मात्र भिजतो. पिसांत अडकलेली हवा निघून गेल्याने तरंगण्याचा जोर कमी होतो आणि बुडी मारणं सोपं जातं. त्याची किंमत म्हणजे शिकारीनंतर उन्हात पंख सुकवणं. म्हणून असा पक्षी जखमी आहे असं समजून किंवा फोटोसाठी त्याच्या अगदी जवळ बोट नेऊ नये.

घरटी
छोटे पाणकावळे आपल्याकडे पावसाळ्यात, बगळ्यांच्या सोबतीने झाडांवर काटक्यांची घरटी बांधतात. पिल्लं आई-बापाच्या घशात चोच घालून अन्न घेतात.

उजनीच का?
भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाच्या कडेला उथळ पाणी पसरलं. मूळचा आफ्रिकेतला चिलापी मासा आता इथे मुबलक आहे. याच माशांवर मच्छीमारांचंही पोट चालतं. त्यामुळे पक्षी आणि माणूस एकाच पाण्यात जाळं-चोच चालवतात. पाण्यात सोडून दिलेल्या तुटक्या जाळ्यात मात्र बुडी मारणारा पक्षी अडकला, तर श्वासासाठी वर येऊ शकत नाही. जुनी जाळी काठावर आणून टाकणं आणि घरट्यांची झाडं न तोडणं, एवढ्यानेही पाणकावळ्यांना मोठा आधार मिळतो.