मिशनऱ्यांचीं मुलें आणि त्यांचें ‘घर’

इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानांत राहणारा गोरा मनुष्य विलायतेस निघाला म्हणजे ‘घरीं जातों’ असें म्हणे. तो जेथें जन्मला, जेथल्या शाळेंत त्यानें छड्या खाल्ल्या, तेथेंच तो परत चाललेला असे. तेव्हां त्या शब्दांत वावगें कांहीं नव्हतें. परंतु तोच शब्द त्याच्या सहा-सात वर्षांच्या मुलाला लावला जाई, तेव्हां त्याचा अर्थ पार उलटा होई. तें मूल जन्मलेलें असे भायखळ्यास, अहमदनगरास किंवा मदुरेस. त्याचे पहिले बोल पुष्कळदां आयेच्या भाषेंतले. आणि ज्या गांवीं तें ‘घरीं’ म्हणून धाडलें जाई, तेथील एकही माणूस, एकही झाड त्याच्या ओळखीचें नसे. ह्या मुलांना त्या अनोळखी घरांत रुळविण्याचे जे प्रयत्न गेल्या पावणेदोनशे वर्षांत झाले, त्यांचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाहीं. वस्तुतः त्याचा एक धागा थेट अहमदनगरापर्यंत येऊन पोंचतो.

आईबाप पोटच्या मुलांना इतक्या दूर कां पाठवीत, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्यांचीं कारणें त्या काळीं सबळ होतीं. पटकी, अतिसार आणि हिवताप ह्यांनीं मिशनऱ्यांच्या घरांतील पाळणे किती रिकामे केले, हें जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतील लहान लहान थडगीं आजही सांगतात. शिक्षणाची सोय नव्हती, हें दुसरें कारण. तिसरें कारण आज वाचतांना खटकतें: ज्या लोकांना धर्म सांगावयाचा, त्यांच्याच मुलांत आपलीं मुलें फार मिसळलीं तर बिघडतील, ही भीति. हवाई बेटांत १८२० सालीं गेलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं तर मुलांना तेथील भाषेपासून दूर ठेवण्याचा कटाक्ष बाळगला आणि सहा-सात वर्षांचीं पोरें केप हॉर्नला वळसा घालून महिनोन् महिने चालणाऱ्या प्रवासाला लावून दिलीं. अखेर मातांना हें असह्य झालें आणि १८४१ सालीं बेटांवरच पुनाहू नांवाची शाळा स्थापन झाली. पुढील वर्षीं तिचे वर्ग भरूं लागले.

इंग्लंडांत उलट दिशेनें विचार झाला. मुलें येणारच, तर त्यांची सोय तरी करावी, ह्या हेतूनें लंडनजवळ वॉल्थमस्टो येथें १८३८ सालीं मिशनऱ्यांच्या मुलींसाठीं आणि १८४२ सालीं मुलांसाठीं वसतिगृहासह शाळा निघाल्या. मुलींची शाळा १८८२ सालीं सेव्हनओक्स येथें गेली. मुलांची ब्लॅकहीथला आणि मग १९१२ सालीं मॉटिंगहॅम येथें जाऊन ‘एल्थम कॉलेज’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. ऑलिंपिक धावपटु एरिक लिडेल हा ह्याच शाळेचा विद्यार्थी. चीनमधील तिएन्त्सिन येथें १९०२ सालीं जन्मलेला हा मुलगा सहाव्या वर्षीं ब्लॅकहीथला ठेवला गेला. १९२४ सालीं पॅरिसला त्यानें सुवर्णपदक मिळविलें आणि पुढच्याच वर्षीं तो चीनला परतला.

ह्या शाळांनीं अन्न, अंथरूण, लॅटिन आणि प्रार्थना ह्यांची व्यवस्था चोख ठेवली. मात्र सुटी लागली कीं इतर शाळांचीं मुलें घरीं पळत. ह्यांनीं कोठें पळावें? आईबापांचा सहवास काय तो पत्रांतून. १८६९ सालीं सुएझचा कालवा झाला, आगबोटी वाढल्या, त्यापूर्वीं केपला वळसा घालून येणाऱ्या पत्राला चार-चार महिने लागत. मुलाला गोवर आला हें आईला कळावें, तिनें काळजीनें व्याकूळ होऊन चार ओळी लिहाव्या, आणि त्या हातीं पडेपर्यंत मुलानें गोवर तर विसरावाच, पण आईचें हस्ताक्षरही ओळखूं नये, असा हा व्यवहार होता.

ज्यांना अशी शाळाही लाभली नाहीं, त्यांची स्थिति कित्येकदां अधिक बिकट झाली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांनीं १८५२ सालीं पत्नी मेरी आणि चार मुलें ह्यांना केपटाउनहून इंग्लंडला धाडलें व आपण आफ्रिकेच्या अंतर्भागांत शिरले. मेरी स्वतः आफ्रिकेंत जन्मलेली, मिशनऱ्याचीच मुलगी. ब्रिटनमध्यें ह्या कुटुंबाचें बस्तान कधीं नीट बसलें नाहीं. थोरला मुलगा रॉबर्ट पुढें अमेरिकेस गेला, खोटें नांव घेऊन तेथील यादवी युद्धांत शिरला आणि १८६४ सालीं अवघ्या अठराव्या वर्षीं नॉर्थ कॅरोलायनांतील कैद्यांच्या छावणींत मरण पावला. बापाचें नांव जगांत गाजत असतांना मुलाला तें टाकून द्यावेंसें वाटलें, ही गोष्ट लिव्हिंग्स्टनच्या चरित्रांत फार थोडक्यांत उरकली जाते.

मुंबईंत जन्मलेला रुड्यर्ड किप्लिंग कांहीं मिशनऱ्याचा मुलगा नव्हे. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते. तरी त्याची हकीकत ह्याच जातीची आहे. १८७१ सालीं, सहावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला साउथसी येथें पैसे घेऊन मुलें सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवून आईबाप परत आले. आपण जात आहों, हें त्यांनीं मुलांना सांगितलें नाहीं. मुलें रडूं नयेत हा हेतु. तीं सहा वर्षें किप्लिंग जन्मभर विसरला नाहीं.

ह्या पार्श्वभूमीवर अमेरिकेंतील एका विधवेचें काम उठून दिसतें. एलायझा वॉकर ही तुर्कस्तानांतील दियारबेकर येथें पतीसह काम करीत होती. १८६६ सालीं पति वारला, तेव्हां ती आपलीं मुलें घेऊन बोस्टनजवळ ऑबर्नडेल येथें वडिलांच्या घरीं आली. स्वतःच्या मुलांचें बावरलेपण तिनें डोळ्यांनीं पाहिलें असल्यामुळें तिनें इतर मिशनऱ्यांचीं मुलेंही घरांत घेतलीं आणि त्या घराचें पुढें ‘वॉकर मिशनरी होम’ झालें. रजेवर आलेले मिशनरीही तेथें उतरत. त्यामुळें जेवणाच्या मेजावर तुर्कस्तान, चीन, हिंदुस्थान ह्यांच्या गोष्टी चालत, आणि ‘तुमच्याकडे आंबे केव्हां येतात’ असें विचारणारें कोणीतरी मुलाला भेटे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ह्या बाईचें नांव नाहीं. पण मुलाला नवीन जागीं रुजवावयाचें तर मुळाभोवतींची थोडी जुनी माती बरोबर आणावी लागते, हें तिला पक्कें ठाऊक होतें.

आतां तो अहमदनगरचा धागा. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम हे ‘ज्ञानोदय’ पत्राचे संपादक. प्रकृति ढासळल्यामुळें १८५४ सालीं ते सहकुटुंब अमेरिकेस निघाले आणि वाटेंत समुद्रावरच वारले. मुंबईंत जन्मलेला रॉबर्ट ॲलन हा त्यांचा मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता. आईनें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें मुलें वाढविलीं. रॉबर्ट १८६८ सालीं येल विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि १८७४ सालीं अहमदनगरास येऊन दाखल झाला तो १९२६ पर्यंत तेथेंच राहिला. रेव्हरंड टिळकांच्या चरित्रांत भेटणारे ह्यूमसाहेब ते हेच. त्यांचे बंधु एडवर्ड ह्यांचें नांव भायखळ्याच्या ह्यूम हायस्कुलाशीं जोडलेलें आहे. अहमदनगराकडील मिशनरी एमस ॲबट ह्यांचे चिरंजीव जस्टिन ॲबट ह्यांचीही तीच तऱ्हा: मुंबईंत अनेक वर्षें काम करून ते अमेरिकेंत निवृत्त झाले, आणि तेथें बसून एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई ह्यांचें इंग्रजी भाषांतर करण्यांत त्यांनीं उरलेलें आयुष्य घालविलें.

मिशनऱ्यांचीं इतकीं मुलें पुन्हा मिशनरी झालीं, ह्याचा मिशनांच्या अहवालांत अभिमानानें उल्लेख येतो. ती ईश्वराची हांक होती कीं घराची ओढ, हें निराळें करून दाखविणें कठीण आहे. राणीपेट येथें १८७० सालीं जन्मलेल्या आयडा स्कडर हिला किशोरवयांत अमेरिकेंत नातेवाइकांकडे ठेवून आई हिंदुस्थानांत परतली, तेव्हां त्या मुलीनें आईच्या रिकाम्या बिछान्यांत पडून रात्रभर अश्रु ढाळले असें तिच्या चरित्रांत सांगतात. मिशनरी होणार नाहीं, असा तिचा निश्चय होता. आजारी आईला पाहण्यासाठीं म्हणून ती १८९० सालीं आली, आणि पुढें वेल्लोरचें प्रख्यात रुग्णालय तिच्या हातून उभें राहिलें.

थंड हवेच्या ठिकाणीं शाळा निघाल्या तशी ताटातुटीची रीत बदलली. मसुरीजवळ वुडस्टॉक १८५४ सालीं, चीनमध्यें चीफू १८८१ सालीं, कोडाईकनाल १९०१ सालीं. आतां मूल निदान त्याच देशांत राहूं लागलें. समुद्र ओलांडण्याचा प्रसंग सतराव्या-अठराव्या वर्षीं, कॉलेजासाठीं येऊं लागला. त्यानें दुःख पुढें ढकललें, मिटविलें नाहीं. हिमालयाच्या पायवाटा तोंडपाठ असलेल्या मुलाला अमेरिकन कॉलेजांत नाणीं मोजतां येत नसत, खेळांच्या गप्पा कळत नसत, विनोदावर हंसावें केव्हां हें उमगत नसे. मुंबईहून गेलेला हिंदी विद्यार्थी चुकला तर लोक म्हणत, ‘बिचारा परदेशी आहे.’ ह्या मुलाचा चेहरा, नांव, उच्चार सारे तेथलेच. त्यामुळें त्याची चूक अडाणीपणांत किंवा शिष्टपणांत जमा होई.

ह्या स्थितीला नांव मिळालें तें पुन्हा हिंदुस्थानांतच. मिशिगन स्टेट विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम व त्यांचे पति जॉन हे १९५०च्या दशकांत दोनदां येथें आले. येथील अमेरिकन मिशनरी, अधिकारी, व्यापारी ह्यांचें जीवन पाहतांना त्यांच्या लक्षांत आलें कीं हे लोक मायदेशाच्याही चालीनें वागत नाहींत आणि यजमान देशाच्याही नाहींत. त्यांची एक तिसरीच संस्कृति बनली आहे. तींत वाढणाऱ्या मुलांना रूथबाईंनीं ‘तिसऱ्या संस्कृतीचीं मुलें’ म्हटलें. आज नोकरीसाठीं परदेशीं राहून मुलांसह पुण्यास परतणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा शब्द परका वाटूं नये.

१९८४ सालीं मनिला येथें मिशनऱ्यांच्या मुलांविषयीं आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हांपासून ह्या कामाला अधिक शिस्त आली. डेव्हिड पोलॉक ह्यांनीं परतणाऱ्या मुलांसाठीं एक सोपी युक्ति सांगितली. ते तिला तराफा म्हणत; तो चार ओंडक्यांचा. निघण्यापूर्वीं भांडणें मिटवावीं. ज्यांचें ऋण आहे त्यांना तें बोलून दाखवावें. माणसांचा, जागांचा, पाळीव प्राण्यांचा आणि वस्तूंचा रीतसर निरोप घ्यावा. आणि जेथें जावयाचें त्या जागेचा विचार अगोदर करावा. ऐकावयास हें किरकोळ वाटतें; पण किप्लिंगच्या आईबापांनीं जें चुकविलें तें नेमकें तिसऱ्या ओंडक्यांत आहे. कॉलेज सुरू होण्यापूर्वींच्या उन्हाळ्यांत अशा मुलांचीं शिबिरें भरूं लागलीं. तेथें बँकेचें खातें, मोटार चालविणें, नोकरीचा अर्ज हें तर शिकवितातच. पण ज्या देशाला मूल मुकलें त्याबद्दल रडूं देण्यासाठींही वेळ राखून ठेवतात. जुन्या शाळांच्या वेळापत्रकांत हा तास नव्हता.

पोलॉक ह्यांच्यासह १९९९ सालीं ह्या विषयावरचा प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या रूथ व्हॅन रेकेन ह्या १९४५ सालीं नायजेरियांतील कानो येथें जन्मल्या. सहाव्या वर्षीं त्यांना वसतिशाळेंत ठेवण्यांत आलें. त्या वेळीं आईबापांना जें लिहावयाचें राहून गेलें होतें, तें त्यांनीं चाळिशीच्या सुमारास, स्वतःच्या मुली वाढवीत असतांना, पत्रांच्या रूपानें लिहून काढलें.