सालईचा कागद

आईच्या फडताळात तळाशी घातलेलं वर्तमानपत्र परवा उचललं, तर हातातच तुटलं. कडेला चहाच्या रंगाचं, घडीवर कुरकुरीत. आतला, उजेड न लागलेला भाग मात्र अजून बराच फिकट होता. वर्तमानपत्राचा कागद असा लवकर म्हातारा होतो, कारण तो पूर्वापार बहुतांशी दळलेल्या लाकडाचा. ओंडके पाणी सोडत फिरत्या दगडावर घासायचे आणि होईल तो लगदा वापरायचा. चांगल्या कागदासाठी रसायनांनी काढून टाकतात ते लिग्निन यात तसंच राहतं, आणि ऊन-वारा लागला की पिवळं पडतं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हा कागद बनवणारी गिरणी आपल्याकडे नव्हती. बातमी आपली, शाई आपली, कागद मात्र बोटीतून यायचा. दुसऱ्या महायुद्धात कागदावर सरकारी नियंत्रण आलं, तेव्हा या परावलंबनाची झळ प्रत्येक छापखान्याला बसली. जानेवारी १९४७ मध्ये नायर प्रेस सिंडिकेट या खासगी कंपनीने 'नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स' स्थापन केली. त्याच इंग्रजी नावातल्या अक्षरांतून 'नेपा' आलं, आणि गिरणीभोवती वसलेल्या गावाचं नाव पडलं नेपानगर. भुसावळहून खंडव्याकडे जाताना रावेर, बऱ्हाणपूर मागे पडलं की ते स्टेशन लागतं.

खासगी भांडवलाला हे ओझं पेललं नाही. १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने गिरणी ताब्यात घेतली. त्या प्रांताची राजधानी नागपूर, म्हणजे देशाच्या पहिल्या वृत्तपत्र-कागदाची सूत्रं काही वर्षं नागपुरातून हलत होती. आपण महाराष्ट्रात हे पार विसरून गेलो आहोत, याची मला खंत वाटते. उत्पादन १९५५ मध्ये सुरू झालं. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी गिरणी राष्ट्राला अर्पण केली. सुमारे सहा महिन्यांनी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, नेपानगर मध्य प्रदेशात राहिलं. पन्नासचं दशक सरताना गिरणीचा ताबा केंद्राकडे गेला.

पण मला खरं कौतुक आहे ते सालईचं. परदेशात हा कागद स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी झाडांचा. आपली तशी झाडं हिमालयात उंचावर, तिथून ओंडके उतरवणार कसे? सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर मात्र सालई मुबलक. तिच्या डिंकाचा धूप होतो. एरवी इमारतीच्या कामी तिला सागवानाची सर नाही, म्हणून ती दुर्लक्षितच. तिच्या खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, बोटांनी अलगद ओढली तर कागदासारखीच निघते. हे मऊ लाकूड दळायला सोपं, पण त्याचे तंतू आखूड. छापखान्याच्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर कागद फाटू नये म्हणून त्यात बांबूचा रासायनिक लगदा मिसळावा लागे. सातपुड्याच्या दोन झाडांची ही जोडी १९८१ पर्यंत देशात एकटीच होती. त्यानंतर कर्नाटकातल्या भद्रावतीत आणि केरळात हा कागद होऊ लागला.

तोवर देशाची भूक एकट्या नेपाच्या आवाक्याबाहेर गेली होती. आयात चालूच राहिली, कागदाचा कोटा सरकार ठरवत असे. वर्तमानपत्राने पानं किती काढायची यावरही बंधन आलं. दहा पानांची ती मर्यादा १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नव्वदच्या दशकात आयात खुली झाली आणि जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या नेपाची दमछाक झाली. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबलं, ते ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. वर्षाला एक लाख टनांची क्षमता, आणि वर्तमानपत्राबरोबर लिहिण्या-छपाईचाही कागद.

आता तिथे सालई दळत नाहीत. रद्दीचे गठ्ठे येतात, पाण्यात भिजवून त्यांची शाई काढतात आणि उरलेल्या तंतूंचा पुन्हा लगदा होतो. फडताळातला तो तुटका कागद मी रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवला, सुतळी बांधली आणि दाराशी आलेल्या रद्दीवाल्याच्या काट्याला अडकवला.