कॉम-थ्रीचं सोंग

१९९०च्या दशकात संगणकाची पेटी उघडून आत फॅक्स-मॉडेमचं कार्ड बसवणाऱ्याला पहिला त्रास टेलिफोनचा व्हायचा नाही, माउसचा व्हायचा. कार्ड खाचेत बसलं, मागचा स्क्रू आवळला, टेलिफोनची वायर खोचली, नंबर फिरवला. पलीकडची शीळ ऐकू येते न येते तोच पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. किंवा उलट, लाइन छान लागलेली असताना कुणी माउसला हात लावला आणि ती तुटली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्यात तपकीर गल्लीतला दुकानदार कार्डाकडे न बघताच सांगायचा, "आयआरक्यू भांडतायत, जंपर बदला."

सल्ला बरोबर असायचा. पण टेलिफोनवर बोलणाऱ्या यंत्राचं माउसशी वैर कशासाठी? याचं उत्तर त्या कार्डात सापडत नाही, कार्डाच्या घराण्यात सापडतं.

घराणं सुरू होतं ते टेलिफोन कंपनीच्या मक्तेदारीतून. अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ साली '१०३' नावाचं मॉडेम आणलं. सेकंदाला ३०० बिट, तेही एकाच तारेवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी. फोन करणारा खालच्या पट्टीत बोलायचा, उचलणारा वरच्या पट्टीत. यंत्र उत्तम होतं, पण कंपनीचं होतं. ग्राहकाने स्वतःचं काही तारेला जोडायचं नाही, असा दंडक. त्यातून पळवाट निघाली ती रिसीव्हरच्या तोंडाकानातून. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटब्रेश्ट स्वतः कर्णबधिर होते. टेलिप्रिंटरवर टाइप केलेला मजकूर साध्या फोनवरून धाडता यावा म्हणून त्यांनी १९६४च्या सुमारास ध्वनी-जोडणीचं उपकरण तयार केलं. रिसीव्हर उपकरणावर ठेवायचा, यंत्राने त्याच्याशी शिट्ट्यांनी बोलायचं. तारेला धक्का नाही, म्हणून नियमभंगही नाही. मॉडेमच्या सगळ्या इतिहासात मला हा तुकडा सर्वांत आवडतो. टेलिफोनचा ज्याला काही उपयोग नाही असं सगळे धरून चालले होते, त्यानेच टेलिफोनला मजकूर वाहायला लावलं.

१९६८ साली टेक्ससच्या थॉमस कार्टर यांच्या 'कार्टरफोन'चा निकाल लागला. तेलविहिरींवरच्या माणसांचा रेडिओ टेलिफोनला जोडणारं त्यांचं उपकरण बेकायदा नाही, असं अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ठरवलं. तरी मध्ये कंपनीचीच संरक्षक पेटी भाड्याने घ्या, ही अट राहिली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नोंदणीचे नवे नियम आले आणि कुठल्याही कारखानदाराला मंजुरी घेऊन थेट भिंतीतल्या सॉकेटात शिरता येऊ लागलं.

आता गंमत अशी की घरगुती संगणकाचं मॉडेम जन्मलं ते पेटीच्या आतच. अटलांटात एकाच कंपनीत नोकरी करणाऱ्या डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९७७ साली एस-१०० जातीच्या संगणकांसाठी एक कार्ड बनवलं, '८०-१०३ए'. नंतर ॲपल-टू साठी 'मायक्रोमॉडेम' आलं. ही कार्डं संगणकाच्या अंगात थेट बसायची. फोन उचल, ठेव, नंबर फिरव, हे सगळं प्रोग्राम कार्डावरच्या ठरावीक जागी आकडे लिहून करवून घ्यायचा. सोंग नाही, नाटक नाही.

अडचण धंद्याची होती. एस-१००चं कार्ड ॲपलमध्ये बसत नाही, ॲपलचं दुसरीकडे बसत नाही. प्रत्येक नव्या संगणकासाठी नवं कार्ड आखायचं म्हणजे मेटाकुटीला येणं. मात्र एक दार बहुतेक यंत्रांना होतं, ते म्हणजे सीरियल पोर्ट. तेव्हा १९८१ साली या दोघांनी मॉडेम पेटीबाहेर काढलं आणि 'स्मार्टमॉडेम' नावाची चपटी डबी त्या पोर्टाला जोडली. घराण्याला वळण लागलं ते इथे.

सीरियल पोर्टातून अक्षरं जातात, बाकी फारसं काही जात नाही. मग "नंबर फिरव" हा हुकूम आणि पलीकडे पाठवायचा मजकूर एकाच वाटेने जाणार. मॉडेमने ओळखायचं कसं? त्यावर उपाय म्हणून दोन अवस्था ठरल्या. लाइन लागलेली नसताना आलेली अक्षरं हुकूम समजायची, लागल्यावर मजकूर समजायचा. हुकुमाची सुरुवात 'एटी' या दोन अक्षरांनी. ही अक्षरं उगाच निवडलेली नाहीत. 'ए'चे बिट उजवीकडून निघतात तेव्हा सुरुवातीचं शून्य एकटंच येतं आणि लगेच एक येतो. त्या एकट्या शून्याची लांबी मोजून मॉडेमला समोरच्याचा वेग कळतो. शिवाय 'ए'मध्ये दोन एक आहेत आणि 'टी'मध्ये तीन, एक सम आणि एक विषम, त्यामुळे पॅरिटीही उमगते. छोटी 'एटी' चालते, तिथे तीन आणि चार. पण एक मोठं आणि एक छोटं लिहिलं की दोन्हीकडे समच किंवा दोन्हीकडे विषमच. म्हणून बऱ्याच मॉडेमांना असा सरमिसळ हुकूम पचायचा नाही. विंडोजच्या हायपरटर्मिनलमध्ये पहिलंच अक्षर मोठं लिहायची सवय असलेल्यांनी यावर बराच वेळ घालवला असणार.

लाइन चालू असतानाच पुन्हा हुकूम द्यायचा तर? सेकंदभर गप्प राहायचं, तीन अधिकचिन्हं धाडायची, पुन्हा सेकंदभर गप्प. मजकुरात चुकून तीन अधिकचिन्हं आली तरी दोन्ही बाजूंना अशी शांतता असणार नाही, हा हिशेब. हेदरिंग्टन यांच्या या युक्तीवर हेज कंपनीने पेटंट घेतलं. रॉयल्टी चुकवायला काही कारखानदारांनी शांततेशिवायच हे चिन्ह मानणारी मॉडेमं काढली. परिणाम असा की पुढे इंटरनेटवर कुणीही '+++' आणि फोन ठेवण्याचा हुकूम असलेला मजकूर खोडसाळपणे धाडावा, आणि उत्तर देताना समोरच्याच्या मॉडेमने स्वतःच लाइन कापावी. लोक 'एटी'चं कौतुक करतात. माझ्या मते खरी कारागिरी त्या दोन सेकंदांच्या गप्प बसण्यात होती.

त्याच १९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याचे दोन सीरियल पोर्ट ठरले, कॉम-वन आणि कॉम-टू. प्रोसेसरचं लक्ष वेधायला कॉम-वनला चौथी आयआरक्यू रेषा, कॉम-टूला तिसरी. संवादाचे प्रोग्राम स्मार्टमॉडेम समोर धरून लिहिले जाऊ लागले: पोर्ट उघडायचा, 'एटी' लिहायचं, 'ओके' वाचायचं. आणि आता कारखानदारांना पुन्हा कार्ड विकावंसं वाटू लागलं, कारण कार्डाला डबी लागत नाही, अडॅप्टर लागत नाही, टेबलावर जागा लागत नाही. पण आतल्या कार्डासाठी वेगळा प्रोग्राम कोण लिहिणार? हेजने स्मार्टमॉडेम १२००बी या कार्डात ती वाट धरली आणि बाकीच्यांनी तिच्यावरूनच मळवाट पाडली: कार्डावरच एक सीरियल पोर्टाची चिप बसवायची. बाहेरच्या डबीला आत येण्यासाठी जे दार लागायचं, ते दार कार्ड स्वतःबरोबर घेऊन आलं. संगणकाला वाटायचं, अजून एक पोर्ट आहे आणि त्याला बाहेर एक मॉडेम लटकलंय. बाहेर काहीच नसायचं.

आता माउसकडे वळू. पहिले दोन पोर्ट मूळ संगणकाचेच. कॉम-वनवर बहुधा माउस. कार्ड उरलं तिसऱ्या किंवा चौथ्या पोर्टावर. पण कॉम-थ्रीला रूढीने मिळालेली आयआरक्यू पुन्हा चौथीच, आणि कॉम-फोरला पुन्हा तिसरी. जुन्या आयएसए खाचांमधली ही रेषा दोन कार्डांना धड वाटून घेता येत नव्हती. मॉडेमने हाक मारायला सुरुवात केली की माउसची हाक विरून जायची. तेव्हा खरा इलाज होता तो कॉम-टू बायोसमधून बंद करून कार्डाचे जंपर तिथे लावण्याचा, किंवा कार्ड परवानगी देत असेल तर पाचवी रेषा देण्याचा. विंडोज ९५ने 'प्लग अँड प्ले' आणलं, ते हे भांडण मिटवायला. मिटलंही, पण जुनं जंपरचं कार्ड आणि नवं आपोआप जुळणारं कार्ड एकाच पेटीत आले की आपोआपवालं बिचारं जंपरवाल्याला जागा सोडत फिरायचं.

कार्डातलं दुसरं बिऱ्हाड फॅक्सचं. ग्रुप-३ फॅक्सचा आंतरराष्ट्रीय संकेत १९८० साली ठरला. पान आडव्या ओळींमध्ये मोजायचं, प्रत्येक ओळीत १७२८ ठिपके, काळ्या-पांढऱ्या सलग पट्ट्यांची लांबी आखूड संकेतांत मांडून पाठवायची. हे काम करणारं पीसीचं कार्ड, 'गॅमाफॅक्स', १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या गॅमालिंकने आणलं. पुढे मॉडेमच्या चिपमध्येच फॅक्स आला आणि पुन्हा प्रश्न उभा राहिला: काम किती मॉडेमने करायचं, किती संगणकाने? क्लास-१मध्ये मॉडेम फक्त सूर लावतं. कुठल्या क्षणी काय बोलायचं ते संगणक ठरवतो. क्लास-२मध्ये संभाषण मॉडेम सांभाळतं. या दुसऱ्या वर्गाचा मसुदा समितीत रेंगाळला, कारखानदारांनी मसुद्यावरूनच चिपा काढल्या, आणि अंतिम संकेत वेगळा निघाला. मग त्याला नाव द्यावं लागलं 'क्लास २.०'. दोन आणि दोन पूर्णांक शून्य या वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे ग्राहकाला समजावण्याची पाळी दुकानदारावर आली. फॅक्स अर्ध्यावर तुटत असेल तर क्लास बदलून बघा, या सल्ल्याचं मूळ इथे. क्लास-१मध्ये उत्तराच्या वेळा काटेकोर असतात. नेमका त्याच वेळी संगणक हार्डडिस्क कुरतडत बसला तर समोरचं यंत्र कंटाळून फोन ठेवतं. आणि फॅक्स कितीही वेगाने धावो, सुरुवातीची ओळखपरेड आजही ३०० बिटांनीच होते, म्हणजे बेलच्या १०३च्याच वेगाने.

मराठीला या फॅक्सने एक आडवाटेचा फायदा दिला. श्रीलिपीत किंवा सीडॅकच्या फॉन्टात टाइप केलेलं पत्र ईमेलने धाडलं तर समोर तोच फॉन्ट हवा, नाहीतर पडद्यावर कचरा. फॅक्स-मॉडेमला अक्षराशी कर्तव्यच नव्हतं. प्रिंटरच्या यादीत 'फॅक्स' निवडायचा. पलीकडे ठिपक्यांचं चित्र उतरायचं, काना-मात्रा-वेलांटीसकट.

भारतात मॉडेमची मागणी वाढली ती व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला लोकांसाठी इंटरनेट खुलं केल्यावर. इथे कार्ड बसायचं, पोर्ट सापडायचा, आणि तरी पडद्यावर 'नो डायलटोन'. रिसीव्हर कानाला लावावा तर टोन ठणठणीत. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा, आपला ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने थरथरणारा. परदेशी चिपेला तो टोन वाटतच नसे. उपाय होता एका हुकुमाचा, 'एटीएक्स३': टोनची वाट बघू नकोस, नंबर फिरव. ऑफिसात ईपीएबीएक्सचं शून्य असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम टाकायचा, त्याची दोन सेकंदं मॉडेम थांबतं. एक्स्चेंज जुनं असेल तर टोनऐवजी पल्स. आणि कार्डामागच्या दोन भोकांपैकी 'लाइन' कुठलं नि 'फोन' कुठलं हे पुन्हा एकदा पाहायचं. निम्म्या तक्रारी तिथेच संपत. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की वायर उपटून ठेवणं हाच एक विमा होता, कारण बाहेरची डबी जळली तर डबी जायची, आतलं कार्ड जळताना मदरबोर्डालाही घेऊन जायचं.

शेवटी पेन्टियमच्या काळात कारखानदारांनी सोंगावर सोंग चढवलं. प्रोसेसर एवढे वेगवान झाले होते की सुरांचं गणित त्यांनाच करू द्यावं; कार्डावर उरली टेलिफोनला भिडणारी थोडी सामग्री. सीरियल चिपही गेली, तिची जागा ड्रायव्हरने घेतली. कॉम-थ्री आता कागदावरचा पोर्ट झाला. ही 'विनमॉडेम' स्वस्त होती, पण डॉसला दिसत नसत, लिनक्सवाल्यांना वर्षानुवर्षं छळत, आणि विंडोज पुन्हा टाकल्यावर ड्रायव्हरची सीडी सापडली नाही तर ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्या म्हणत. इंटरनेट ज्यातून यायचं ते मॉडेमच बंद.

टेलिफोनची तार सुटली तरी घराणं बुडालं नाही. मोबाइल इंटरनेटच्या यूएसबी काड्या संगणकात स्वतःला कॉम पोर्ट म्हणवून घेत आणि '*९९#' हा नंबर फिरवत. आज शेतातला पंप फोनवरून चालू-बंद करणाऱ्या बऱ्याच नियंत्रकांत सिमकार्डाचं जे छोटं मॉड्यूल असतं, त्यालाही आधी 'एटी' म्हणावं लागतं. ते 'ए'च्या सुरुवातीच्या शून्याची लांबी मोजून वेग ओळखतं आणि 'ओके' म्हणतं.