टांकसाळीची चूक की वापरातली इजा?

बचतीची नाणी मोजताना एखादं वेगळंच हाती लागतं. कडा तुटकी, अक्षर पुसट, नाहीतर चित्र सरकलेलं. लगेच कुणीतरी म्हणतं, "हे टांकसाळीत चुकलंय, याचे लाखो मिळतात!" चुकलेली नाणी खरंच असतात आणि नाणी जमवणारे त्यांना जादा पैसेही देतात. पण बहुतेक वेळा आपल्या हातात असतं ते झिजलेलं, ठोकलेलं नाणं. हा फरक कळायला नाणं कसं तयार होतं ते माहीत हवं.

शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची शिवराई हाताने पाडत. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये धरून वरून घण मारायचा. ठसा बऱ्याचदा तुकड्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' यातलं एखादं अक्षर बाहेरच राही. तेव्हा ती चूक नव्हती, तशीच रीत होती. म्हणून अर्ध्या अक्षरांच्या शिवराईला कुणी 'दुर्मीळ चूक' म्हटलं तर भुलू नका.

मुंबईची टांकसाळ १८२९ सालची. १८३५ पासून कंपनी सरकारचा एकसारखा रुपया यंत्रावर निघू लागला. सगळी नाणी सारखी झाली, तेव्हाच चुकलेलं नाणं वेगळं उठून दिसू लागलं.

यंत्रात आधी पत्र्यातून चकत्या कापतात, त्यांची कडा उचलतात, मग दोन ठशांमध्ये दाबतात. चूक होते ती इथेच. चकती कापताना आधीच्या भोकावर घाव पडला, तर चंद्रकोरीएवढा तुकडा कमी होतो आणि बरेचदा त्याच्या बरोबर समोरची कडाही पुसट येते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कडा मात्र चांगली ठसठशीत असते. चकती सरकली तर चित्र एका बाजूला जातं आणि उरलेली जागा कोरी राहते. ठशाला तडा गेला तर त्यात धातू शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा खोल असतो. नख फिरवून बघा, लगेच कळेल.

दहाच्या नाण्याचा मधला भाग कुणी ठोकून काढून उलटा बसवला, तर दोन्ही धातूंवरचं चित्र जुळत नाही. ती इजाच. अक्षरं चेपून पसरली असतील, तर नाणं कशाखाली तरी दबलेलं आहे.

आणखी एक. सालाखालची खूण बघा. चौकटीच्या पत्त्यासारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. खूणच नसेल तर नाणं कोलकात्याचं. खूण नसणं ही चूक नाही.

आता आजीच्या माळेतले चांदीचे रुपये. कडी डागलेला रुपया संग्राहकाच्या दृष्टीने खराब, पण त्यातली चांदी कुठेच गेलेली नाही. १९३९ पर्यंतचा रुपया सुमारे ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आली. म्हणून विकायच्या आधी साल वाचा आणि वजन करून घ्या. चिंचेने घासून चकचकीत मात्र करू नका, त्याने किंमत उतरते.

आणि पैशांची गोष्ट. "तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागितले जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः सांगितलं, की आम्ही असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही मागत नाही. खरा गिऱ्हाईक नाणं बघून आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून मागत नाही. पुढच्या बैठकीत भिंग आणि वजनकाटा घेऊन बसू या, म्हणजे गटातली एकही मैत्रीण फसणार नाही.